रिकाम्या रकान्याची बोली

१

शेवटी दार तोडावंच लागलं. आत बाइंडरकाका खुर्चीत बसलेले. मांडीवर अर्धवट शिवलेलं जाडजूड पुस्तक, उजवा पाय समोरच्या स्टुलावर, आणि अंगात जीव नाही.

डॉक्टरांनी तपासलं. जुना साखरेचा आजार, पायाची जखम चिघळली, विष रक्तात भिनलं. वेळेवर कोणी पाहिलं असतं तर माणूस हाती लागला असता, असं ते स्वच्छ म्हणाले. मग खाली वाकून त्यांनी पाय नीट पाहिला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"पण बँडेज तर झकास बांधलंय. हे कोणी बांधलं?"

झालं, तिथेच सगळं बिनसलं. बाइंडरकाका एकटे राहायचे. एकट्या म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन सुया-औषधं-मलमपट्टी करणारं एक शुश्रूषा केंद्र होतं, तिथे त्यांचं नाव रीतसर नोंदवलेलं होतं. त्या भागातली घरं होती सिस्टरांकडे. आणि सिस्टर ठामपणे सांगत होत्या की मी त्या घरात पाऊल टाकलेलं नाही, मला तिथे कुणी पाठवलंच नाही.

केंद्रानं सिस्टरांना घरी बसवलं. सोमवारी चौकशी समिती बसणार होती. नाव यादीत दिसूनही त्यांनी जिने चढायचा कंटाळा केला असेल, किंवा जाऊन आल्या असतील आणि काहीतरी चुकलं म्हणून आता कानांवर हात ठेवत असतील. यातलं काहीही ठरलं तरी सिस्टरांचा परवाना जाणार होता, आणि तो गेला की पुन्हा कुणाच्या अंगाला हात लावायची सोय उरणार नव्हती.

समितीपुढे एक कागद हवा होता, यंत्रणेत दोष नाही असं सांगणारा. त्यासाठी मॅनेजरसाहेबांनी बाहेरून एका बाईंना बोलावलं. यांना संगणकाच्या धंद्यात सगळे दुभाषीबाई म्हणायचे. माहिती साठवणारे वेगवेगळे डेटाबेस एकमेकांचं ऐकेनासे झाले, विचारलं एक आणि उत्तर आलं भलतंच, की लोक यांच्याकडे धाव घेत. स्वभाव तिखट, चष्मा कायम डोक्यावर, आणि समोरचा बोलत असताना मध्ये तोंड न घालण्याची एक विचित्र सवय. त्या सवयीमुळे माणसं जरा जास्तच बोलून जायची.

"फार वेळ नाही घेणार तुमचा," साहेब म्हणाले. "आमच्या प्रोग्रॅमरनी सगळं काढून ठेवलंय. तुम्ही बघा, सही करा, मोकळ्या व्हा."

प्रोग्रॅमर म्हणजे चाळिशीतले एक गृहस्थ. ऑफिसात ते असे वावरायचे की जणू सासुरवाडीला चार दिवस पाहुणचाराला आलेत, म्हणून त्यांचं नाव जावईबापू. ते कँटीनच्या कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसले होते. बाहेर नोंदणीच्या काउंटरवर बसणाऱ्या वहिनींचा आवाज चढलेला: "अहो, सकाळपासून नेट नाही इमारतीत! मी काय डोक्यातून काढून सांगू का तुमची माहिती?"

"या, बसा," जावईबापू म्हणाले. "सोपं आहे. ज्यांच्याकडची शेवटची भेट सगळ्यांत जुनी, त्यांचं नाव सगळ्यांत वर. त्यातली वरची मूठभर नावं रोज सकाळी सिस्टरांच्या मोबाइलवर जातात. आता ही बघा त्या आठवड्यातली यादी."

त्यांनी एक बटण दाबलं. यादी क्षणात उमटली. आणि पहिल्याच ओळीत, डोळ्यांत बोट घालावं तसं, बाइंडरकाकांचं नाव होतं.

२

सिस्टर घरी इस्त्री करत होत्या. घरी बसवलंय, तरी पांढरा गणवेश कडक इस्त्री होऊन खुर्चीच्या पाठीवर लटकत होता. दुभाषीबाईंना त्यांनी बसा म्हटलं नाही. बाई आपल्या आपणच बसल्या.

"आलात सही करायला?" सिस्टरांनी विचारलं.

"अजून केली नाही."

"कराल हो. यंत्रात नाव दिसतंय ना? संपलं. मी कोण यंत्रापुढे?" त्यांनी इस्त्री आदळली. "म्हणे जिने चढायचा आळस! माझ्या गुडघ्यांना विचारा किती जिने चढलेत ते. सासूबाई म्हणतात, कबूल करून टाक आणि मोकळी हो. काय कबूल करू? न केलेलं?"

सिस्टरांनी मग गणवेशाच्या कॉलरवरून हात फिरवला आणि आवाज खाली आला.

"हे काम गेलं तर मी दुसरं करीन, बाई. भांडी घासीन. पण तो माणूस त्या खुर्चीत बसून दाराकडे बघत राहिला असेल आणि मी दोन गल्ल्या पलीकडे कुणाचा तरी रक्तदाब मोजत होते, हे डोक्यातून जात नाही. नाव आलं असतं तर मी गेले असते. धावत गेले असते."

"जुन्या याद्या मोबाइलवर असतील?"

"छे. नवी आली की जुनी जाते."

"तुम्हाला कामात काही वेगळं वाटलं होतं, गेल्या काही महिन्यांत?"

"वेगळं काय वाटणार? तीच घरं, तीच माणसं." सिस्टर जरा थांबल्या. "म्हणजे, हे एक आहे. पूर्वी सकाळी यादी उघडली की वरच एखादं नवं नाव असायचं. नवा माणूस आधी, असा रिवाजच पडला होता. हल्ली नवीन चेहरा दिसलाच नाही. सगळे आपले जुनेजाणते. मला वाटलं, नोंदणीच बंद केली असेल साहेबांनी. खर्च कमी करायचं त्यांचं चालूच असतं."

बाईंनी चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर घेतला.

"आणि बँडेज कशानं बंद करता तुम्ही?"

"चिकटपट्टीनं. आणखी कशानं करतात?"

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. साहेब होते, आणि आवाजात सुटल्याची भावना लपत नव्हती. "बाई, आता डोकं शिणवू नका. बाइंडरची लेक आलीय परगावाहून. ती सांगतेय की सिस्टर त्यांच्याकडे जाऊन आली होती. खुद्द बापानंच तिला सांगितलंय."

बाईंनी फोन ठेवला. सिस्टर त्यांच्याकडे बघत होत्या. इस्त्रीखालचं कापड करपल्याचा वास आला तरी दोघींपैकी कुणी हललं नाही.

३

बाइंडरकाकांची खोली म्हणजे अर्धी झोपायची जागा आणि अर्धं दुकान. भिंतीला टेकून पुठ्ठे, खळीचं भांडं, दाबाचं लोखंडी यंत्र, आणि खिडकीपाशी एका फळीवर मेणाचा गोळा. त्या मेणात सुया टोचून ठेवलेल्या, शेजारी पांढऱ्या दोऱ्याची रिळं. लेक पलंगाच्या कडेवर बसली होती. रडून झालं होतं, आता नुसता राग उरला होता.

"तुम्ही तिच्या बाजूच्या का?" तिनं विचारलं.

"मी यंत्राच्या बाजूची," बाई म्हणाल्या. "सांगा तुम्हाला काय माहीत आहे ते."

"माहीत काय, मी कानांनी ऐकलंय. मीच बाबांचं नाव घालायला लावलं तिथे. रोज विचारायचं होतं, पण कामाच्या धबडग्यात राहून जायचं. मग एकदा फोन केला. म्हटलं, बाबा, त्या सिस्टर येऊन गेल्या का? बाबा म्हणाले, कधीच."

"बरं. आणि पुढे?"

"पुढे काय? मी ऑफिसात होते, दुसरा फोन वाजत होता. म्हटलं चला, सुटले काळजीतून, आणि ठेवला." तिनं नाक पुसलं. "बाबांचं बोलणं असंच. एक शब्द बोलायचे, मग श्वास घ्यायचे, मग दुसरा. आई त्यांना चिडवायची की तुमचं वाक्य पुरं होईपर्यंत भात करपतो."

बाईंनी मान हलवली. लेकच पुढे बोलली.

"आणि बँडेज? मी स्वतः पाहिलं. किती निगुतीनं बांधलं होतं! शेवटी बारीक टाका घालून बंद केलेलं, सुटू नये म्हणून. इतकं करणारी बाई, जखम दिसली असणारच तिला. मग कुणाला सांगितलं का नाही? डॉक्टर का नाही बोलावला? आता म्हणते मी गेलेच नाही! अशा माणसाला सोडायचं?"

बाई उठल्या आणि टेबलावरचं ते अर्धवट शिवलेलं पुस्तक त्यांनी उचललं. पाठीवरच्या शिवणीवरून अंगठा फिरवला. मेण लावलेला दोरा, एकसारखे टाके, आणि संपेल तिथे एक बारीक गाठ मारून दोरा अगदी जवळ कापलेला. पुस्तक त्यांनी होतं तसं ठेवलं.

"बाबांचे हात शेवटपर्यंत चांगले होते का हो?"

"हात?" लेक पहिल्यांदाच थोडी सैलावली. "हातांचं काय विचारता! पाय गेले होते, नजर गेली होती, पण सुई हातात दिली की झालं. माझ्या शाळेच्या दप्तराचा पट्टा त्यांनी शिवला होता, दप्तर फाटलं पण पट्टा नाही तुटला."

दारापर्यंत सोडायला ती आली. "सोमवारी मी येणार आहे समितीपुढे," ती म्हणाली. "बाबांचे शब्द मी त्यांना सांगणार. जसेच्या तसे."

जिना उतरताना दुभाषीबाई मनाशी हिशोब लावत होत्या. मुलगी खोटं बोलत नव्हती, सिस्टरही नव्हत्या, आणि लॅपटॉपला तर खोटं बोलण्याचं काही कारणच नव्हतं. तिघंही खरं बोलत असतील तर मग गोंधळ कुठे होता?

४

नोंदणीच्या काउंटरवर वहिनी कमरेला पदर खोचूनच बोलायच्या, मग समोर कुणीही असो.

"माझ्याकडून काही राहिलेलं नाही हं. त्यांचं नाव मी कधीच चढवलंय! लेकीचा फोन आला त्याच दिवशी."

"सगळे रकाने भरले होते?"

"सगळे. नाव, पत्ता, आजार, कोणत्या मजल्यावर, लिफ्ट आहे की नाही."

"आणि शेवटच्या भेटीची तारीख?"

"ती कशी भरणार? तो रकाना मोकळा सोडायचा. भेटच झाली नाही तर तारीख कुठली टाकू, माझ्या लग्नाची?"

बाईंना हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. "नवीन माणसं येतायत का नोंदणीला?"

"येतायत की. पण साहेब म्हणतात नव्या लोकांच्या भेटी होत नाहीत, म्हणजे लोकांना गरजच नाही, काउंटर अर्धा दिवस ठेवू. आता बोला!"

बाई तडक जावईबापूंच्या टेबलापाशी गेल्या. ते कुठलंसं सरबत पीत निवांत बसले होते.

"तुमच्याकडे डेटाबेस बदलला ना मध्यंतरी?"

"हो, जुना फार लहान पडायला लागला होता. नवा दणकट आणला. पण काळजीचं कारण नाही, आपला सगळा प्रोग्रॅम पायथन या संगणकभाषेत आहे, आणि मध्ये ते डेटाबेसचं टूलकिट बसवलंय. तुम्हाला काय सांगायचं! प्रश्न एकदाच लिहायचा. समोर डेटाबेस कुठला आहे ते बघून टूलकिट तो प्रश्न त्याच्या बोलीत उतरवून देतं. खालचा डेटाबेस बदलला, पण मला प्रोग्रॅमची एक ओळ बदलावी लागली नाही." ते अभिमानानं म्हणाले, आणि अभिमान वाटावा असंच ते होतं.

"मघाशी कँटीनमध्ये दाखवलीत ती यादी कुठून आली होती?"

"कुठून म्हणजे? यादीच्या प्रोग्रॅममधून."

"सकाळपासून इमारतीत नेट नव्हतं, जावईबापू. नवा डेटाबेस तर बाहेरच्या सर्व्हरवर आहे. नेटशिवाय तुमचा लॅपटॉप त्याच्याशी बोलला कसा?"

सरबताचा ग्लास तोंडापाशीच थांबला.

"माझ्या लॅपटॉपवर एक प्रत असते," ते सावकाश म्हणाले. "तपासून बघायला. माहिती सगळी नव्यावरचीच, आठवड्याला उतरवून घेतो. फक्त ठेवतो जुन्या डेटाबेसमध्ये. तो लहान आहे, सुटसुटीत. पण त्यानं काय फरक पडतो? माहिती तीच, प्रोग्रॅम तोच!"

"मग खऱ्या डेटाबेसवर लावा यादी. नेट आलंय आता."

"साहेबांनी सांगितलंय, चौकशी होईतो चालू यंत्रणेला हात लावायचा नाही."

"हात नका लावू. नुसतं विचारा."

जावईबापूंनी विचारलं. यादी उमटली. पहिल्या ओळीत बाइंडरकाका नव्हते. दुसऱ्या, तिसऱ्या ओळीत नव्हते. पहिलं पान संपलं, दुसरं संपलं. बाई खाली खाली सरकवत राहिल्या, अगदी तळ येईपर्यंत. आणि तिथे, सगळ्या जुन्याजाणत्यांच्या मागे, ते नाव होतं.

जावईबापूंचा चेहरा पांढरा पडला. "कुणीतरी फेरफार केलाय," ते पुटपुटले. "कुणीतरी त्यांना मुद्दाम खाली ढकललंय."

५

दुभाषीबाईंनी त्यांना पाणी प्यायला लावलं आणि लॅपटॉप स्वतःकडे ओढला.

या टूलकिटची एक सोय असते. डेटाबेसला तू जे काही सांगतोस ते मोठ्यानं म्हणून दाखव, असं त्याला बजावता येतं. मग पडद्याआड चाललेलं सगळं बोलणं समोर उमटतं. बाईंनी ती सोय चालू केली. आधी जुन्या डेटाबेसला प्रश्न टाकला, मग नव्याला. दोन्ही बोलणी शेजारी-शेजारी मांडली.

अक्षर न् अक्षर तेच. काना-मात्रेचा फरक नाही. शेवटच्या भेटीच्या तारखेनुसार लाव, जुनी आधी.

माहितीही तीच होती. बाइंडरकाकांची ओळ त्यांनी दोन्हीकडे तपासली. नाव, पत्ता, मजला, सगळं जागच्या जागी, आणि शेवटच्या भेटीचा रकाना दोन्हीकडे मोकळा. कुणी फेरफार केल्याची खूणही नव्हती. प्रश्न एक, माहिती एक, आणि एकाच माणसाला एकानं डोक्यावर घेतलं तर दुसऱ्यानं पायाशी टाकलं. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. एवढी वर्षं डेटाबेसांची भांडणं सोडवली, पण आज त्यांचीच मती गुंग झाली.

वहिनी दारातून डोकावल्या. "जावईबापू, जेवलात का हो?"

जावईबापूंनी मान वर केली नाही. "कधीच..." ते म्हणाले.

"बरं झालं," म्हणून वहिनी निघून गेल्या.

"...वेळेवर जेवलो नाही मी या नोकरीत," जावईबापूंनी सुस्कारा सोडत वाक्य पुरं केलं. ते ऐकायला आता दारात कुणी नव्हतं.

बाईंच्या हातातलं पेन टेबलावर पडलं आणि गडगडत खाली गेलं. त्यांनी ते उचललं नाही. त्या रिकाम्या दाराकडे बघत राहिल्या, मग पडद्यावरच्या त्या मोकळ्या रकान्याकडे. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलंय हे जावईबापूंनी पाहिलं आणि ते घाबरलेच.

"काय झालं, बाई?"

बाईंनी साहेबांना फोन लावला. "सगळ्यांना बोलवा. सोमवारपर्यंत थांबायचं नाही, आत्ता. सिस्टरांनाही. आणि त्या लेकीलाही."

६

साहेबांच्या केबिनमध्ये खुर्च्या पुरल्या नाहीत. वहिनी भिंतीला टेकल्या. लेक एका टोकाला आणि सिस्टर दुसऱ्या टोकाला, मध्ये सगळं ऑफिस.

"आधी यादीचं," बाईंनी सुरुवात केली. "बाइंडरकाकांच्या नावापुढे शेवटच्या भेटीचा रकाना मोकळा होता. वहिनींनी तो मोकळा सोडला, बरोबरच केलं. आता सांगा, ज्याच्याकडे कुणी गेलेलंच नाही, तो रांगेत कुठे उभा राहणार? पुढे की मागे?"

"पुढे," सिस्टर म्हणाल्या. "त्याला कुणी पाहिलंच नाही ना!"

"तारीखच नाही तर क्रम कसा लावणार? मागे," साहेब म्हणाले.

"बघा. तुम्हा दोघांचं जमलं नाही, तसंच त्या दोन डेटाबेसांचं. मोकळा रकाना दिसला की जुना म्हणायचा, कधीच! म्हणजे फार पूर्वी, सगळ्या तारखांच्या आधी. तो नव्या माणसाला वर ठेवायचा. सिस्टर म्हणाल्या ना, पूर्वी नवं नाव वर असायचं? तो कुणी घातलेला नियम नव्हता, जुन्या डेटाबेसची सवय होती ती. नवा म्हणतो, कधीच नाही. तारीख नाही, मग सगळ्यांच्या मागे उभा राहा. आज भेट झालेलेही उद्या नवी तारीख घेऊन या मोकळ्यांच्या पुढेच उभे. मागच्यांचा नंबर येणारच नाही."

"पण टूलकिट?" जावईबापू म्हणाले. "ते बोली बदलून देतं..."

"ते दुभाष्या आहे, जावईबापू. आपण म्हणू ते वाक्य त्या बोलीत सांगतं. मोकळे आधी की मोकळे नंतर, हे आपण वाक्यात म्हणालोच नाही, मग ते तरी काय सांगणार? तुम्ही तपासलंत ते जुन्यावर, आणि सिस्टरांना यादी जात होती नव्यावरून. तुमच्या पडद्यावर नाव कायम वरच दिसणार होतं."

जावईबापूंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "माझं चुकलं," ते म्हणाले. "माझंच चुकलं."

"एकट्याचं नाही. साहेब, नव्या लोकांच्या भेटी होत नाहीत हे तुमच्या लक्षात आलं होतं. का होत नाहीत, हे विचारायच्या ऐवजी तुम्ही काउंटर अर्धा दिवस करायला निघालात."

साहेबांनी टेबलावरच्या कागदांची उगाच जुळवाजुळव केली.

"मग बँडेज?" लेक ताडकन म्हणाली. "ते काय यंत्रानं बांधलं?"

"सिस्टर बँडेजला चिकटपट्टी लावतात. टाका घालून, गाठ मारून, दोरा इतका जवळ कापणारा माणूस त्या खोलीत एकच होता. मांडीवरच्या पुस्तकाची शिवण बघा, तोच हात आहे. बाबांनी स्वतःचा पाय स्वतःच बांधला, बाळा."

लेकीनं जोरात मान हलवली. "पण ते म्हणाले होते मला. फोनवर. म्हणाले, कधीच."

केंद्राच्या दृष्टीनं काम झालं होतं. यादी कळली, बँडेज कळलं, आता इथेच थांबावं असं बाईंच्या मनात फार आलं. पण एवढं राहिलं तर सिस्टरांवरचा डाग राहणार होता.

"त्यापुढे ते काय म्हणाले?" बाईंनी हळूच विचारलं.

"पुढे... मी..." लेक थांबली. तिनं वहिनींकडे पाहिलं, सिस्टरांकडे पाहिलं, आणि मग कुणाकडेच नाही. "ते श्वास घ्यायला थांबले असतील," ती म्हणाली. "कधीच, आणि मग श्वास. आणि मग... नाही आल्या." तिचा आवाज अगदी लहान मुलीसारखा झाला. "मी ठेवून दिला फोन. बाबांचं वाक्य मी पुरं होऊ दिलं नाही."

ती कोसळली. सगळे जागच्या जागी थिजले. उठल्या त्या सिस्टर. सगळं ऑफिस ओलांडून त्या तिच्यापाशी गेल्या, खाली बसल्या आणि तिचं डोकं त्यांनी खांद्यावर घेतलं. मनगटावर बोटंही आपोआप गेली, सवयीनं.

मग सिस्टरांनीच मान वर केली.

"बाई, एक सांगा. त्या तळाशी बाइंडरकाका एकटेच होते का?"

७

एकटे नव्हते. डेटाबेस बदलल्यापासून ज्यांनी ज्यांनी नाव घातलं ते सगळे तिथे तळाशी उभे होते, मोकळा रकाना घेऊन. जावईबापूंनी प्रश्नात तेवढंच घातलं, मोकळे आधी, आणि पुन्हा विचारलं. ती सगळी नावं उसळून वर आली. साहेबांनी स्वतः गाडी काढली. सिस्टरांना कामावर घेतल्याचा कागद करायचं त्यांच्या लक्षात आलं नाही आणि सिस्टरांनीही मागितला नाही. त्यांनी नुसती पिशवी उचलली.

"मी येऊ?" लेकीनं विचारलं. डोळे सुजलेले होते. "मला काही येत नाही. पण जिने चढता येतात."

"चला," सिस्टर म्हणाल्या.

पहिल्या घरातल्या आजोबांनी दार उघडलं ते भांडायलाच. इतके दिवस झोपला होतात का, म्हणून त्यांनी अशी काही झाडली की सिस्टरांना बरं वाटलं. दुसऱ्या घरातली बाई मुलाकडे राहायला गेली होती, शेजारणीनं सांगितलं. तिसरं घर एका अरुंद गल्लीच्या टोकाला, वरच्या मजल्यावर. घंटा वाजवली, उत्तर नाही. दार ठोठावलं. आतून कसलाच आवाज नाही.

लेकीनं सिस्टरांचा दंड घट्ट धरला. दुभाषीबाई मागे पायरीवर उभ्या होत्या.

मग आत काठी वाजली. टक, मग थांबणं, मग टक. कडी सरकली. दारात एक म्हातारी उभी राहिली, पातळ केसांची, एक पाय फडक्यात गुंडाळलेला. तिनं आधी गणवेश पाहिला, मग लेकीचा चेहरा.

सिस्टरांच्या तोंडून शब्द फुटायच्या आत लेकच बोलली. "आजी, आम्ही केंद्रातून आलोय. याआधी कुणी येऊन गेलं होतं का हो तुमच्याकडे?"

"कधीच..." म्हातारी म्हणाली आणि तिला खोकल्याची उबळ आली. ती वाकली, चौकटीला धरून खोकत राहिली. खाली रस्त्यावर साहेबांच्या गाडीचा हॉर्न वाजला. लेकीच्या पर्समधला फोन वाजायला लागला, वाजून वाजून बंद झाला.

लेक जागची हलली नाही. म्हातारीचा हात तिनं आपल्या हातात घेतला आणि तिचं बोलणं पुरं होईपर्यंत ती तशीच उभी राहिली.